देव हलले, वास्तू राहिली. आता तिचं काय करायचं?



आज थोडा वादाचा विषय घेते. ज्या मंदिरातल्या प्रतिमा विधिपूर्वक दुसरीकडे नेल्या आहेत, जिथे आता अभिषेक होत नाही, अशा रिकाम्या वास्तूत एखाद्या चित्रकाराने बसून चित्रं काढली आणि गावाने तिथेच जुन्या वस्तूंचं छोटंसं संग्रहालय केलं, तर धर्माचा अविनय होतो का? माझं मत आहे, होत नाही. उलट कुलूप लावून ती वास्तू पावसात भिजत ठेवण्यात अविनय होतो. असं का म्हणते, ते सविस्तर सांगते. पटलं नाही तर नेहमीप्रमाणे भांडा.

प्रश्न हवेतला नाही. माझं माहेर कृष्णाकाठचं. तिकडे आम्ही जैन मंदिराला बस्ती म्हणतो. गावातली जुनी दगडी बस्ती माझ्या पणजोबांच्याही आधीची. सहा वर्षांपूर्वी हमरस्त्याला नवं संगमरवरी मंदिर झालं, पंचकल्याणक झालं, जुन्या प्रतिमाही तिकडे नेल्या. तेव्हापासून जुन्या बस्तीला कुलूप आहे. छपरावर पिंपळ उगवलाय, मागची भिंत फुगलीय. दिवाळीनंतर ट्रस्टची सभा आहे आणि तिच्यापुढे तीन प्रस्ताव आहेत. एक, पाडून खाली गाळे आणि वर सभागृह बांधायचं. दोन, आहे तसं राहू द्यायचं. तीन, गावातल्या एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांना ती वापरायला द्यायची. ते स्वतः तिथे चित्रं काढतील, रविवारी मुलांना शिकवतील आणि बस्तीतल्या जुन्या वस्तू मांडून ठेवतील. माझा कौल तिसऱ्याला आहे. घरातच विरोध आहे. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ते पहिल्या प्रस्तावाच्या बाजूचे.

अण्णांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं मुळीच नाही. आपल्या दिगंबर परंपरेत नवदेवता मानतात. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय, साधू, जिनधर्म, जिनागम, जिनचैत्य आणि जिनचैत्यालय. म्हणजे प्रतिमेइतकंच मंदिरही पूज्य. अण्णा विचारतात, "नवव्या देवतेत तू रंगाचे डबे ठेवणार?" मी त्यांना विचारलं, "आणि गाळ्यात मोबाईलचं दुकान आलेलं त्या देवतेला चालणार आहे का?" त्यावर त्यांनी फोन वहिनींच्या हातात दिला.

वास्तूचा वापर बदलणं ही गोष्ट आम्हा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरवाल्यांना नवी नाही. बदलापूर हे नावच घोडे बदलायची जागा म्हणून पडलं, असं जुनी माणसं सांगतात. उल्हासनगर तर मुळात कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना तिथल्या बॅरेकमध्ये जागा मिळाली. १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी होऊन उल्हासनगर हे नाव आलं, पण रिक्षावाला आजही "कॅम्प नंबर तीन" असंच ओरडतो. ज्या बॅरेकमध्ये सैनिक झोपायचे तिथे संसार मांडले गेले, शाळा भरल्या, देव बसले. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांनी सैनिकी छपराखाली पहिला दिवा लावला तेव्हा कुणी विचारलं नाही, की ही जागा मुळात कशासाठी होती.

उलट दिशेचं उदाहरण आपल्या धर्मातलंच आहे आणि ते मनाला लागणारं आहे. केरळात वायनाड जिल्ह्यात सुलतान बथेरी नावाचं गाव आहे. तिथे दगडी जैन मंदिर आहे. टिपू सुलतानाच्या काळात त्याचा दारूगोळ्याचं कोठार म्हणून वापर झाला. इंग्रज त्याला सुलतानाची बॅटरी म्हणू लागले आणि गावाला तेच नाव चिकटलं. अहिंसेच्या घरात तोफेची दारू! आज ते पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित स्मारक म्हणून आहे. रिकाम्या मंदिराचं काय करायचं हे आपण ठरवलं नाही, तर दुसरं कुणीतरी ठरवतं. ते आपल्याला आवडेलच असं नाही.

आता गोव्याकडे जाऊ, कारण माझ्या मनातल्या तिसऱ्या प्रस्तावाच्या सर्वांत जवळचं उदाहरण तिथे आहे. जुन्या गोव्यात सांता मोनिका नावाचं जोगिणींचं मोठं कॉन्व्हेंट आहे. बांधकाम १६०६ साली सुरू झालं, १६२७ साली पुरं झालं. १६३६ साली आग लागली, त्यानंतर ते पुन्हा उभारलं. पुढे पोर्तुगालच्या सरकारने १८३४ साली धार्मिक संघ बंद केले. इथल्या जोगिणींना बाहेर काढलं नाही, पण नव्या घेता येईनात. शेवटची जोगीण १८८५ साली वारली आणि एवढी प्रचंड वास्तू रिकामी झाली. मग तिथे सैनिक राहिले. आमच्याकडे बॅरेकचं देऊळ झालं, तिकडे मठाचं बॅरेक झालं!

मठाचे दिवस पालटायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९६० च्या दशकात जोगिणींच्या शिक्षणासाठी तिथे संस्था आली. आणि २००२ साली तिथल्या चर्चच्या भागात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आलं. हे संग्रहालय १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं होतं, तिथून ते इथे हलवलं. त्यामागे गोव्याचं आर्चडायोसिस, इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि लिस्बनचं गुल्बेंकियान फाउंडेशन अशी मंडळी एकत्र आली. मध्यंतरी मोठी डागडुजी झाली आणि २०२२ साली ते नव्याने उघडलं. शेजारीच एक चॅपेल आहे. १६३६ साली तिथल्या क्रूसावरच्या येशूने डोळे उघडले, अशी श्रद्धा त्याच्याशी जोडलेली आहे. एका भिंतीच्या अलीकडे श्रद्धेची जागा, पलीकडे काचेच्या कपाटातल्या वस्तू. आकाश काही कोसळलं नाही.

त्या वस्तू कुणी घडवल्या? बऱ्याचशा इथल्याच कारागिरांनी. त्यातले कितीतरी हिंदू होते. म्हणून तिथल्या लाकडी आणि चांदीच्या कामात कमळं दिसतात, नाग दिसतात, आपल्या देवळातल्या वेलबुट्ट्या दिसतात. चांदीचा एक मोठा पेलिकन पक्षी या संग्रहालयाची शान मानला जातो. पेलिकन आपल्या छातीतलं रक्त पाजून पिलांना जगवतो, अशी ख्रिस्ती लोकांतली जुनी समजूत. या वस्तू वेगवेगळ्या चर्चमधल्या कपाटांत आणि माळ्यांवरच राहिल्या असत्या, तर काहींना वाळवी लागली असती आणि चांदी वितळवली गेली असती. एक गोष्ट जैन म्हणून खटकते, ती सांगतेच. तिथल्या पुष्कळ मूर्ती हस्तिदंताच्या आहेत. हत्तीच्या दातातून कोरलेली करुणामूर्ती बघवत नाही. पण वस्तू बघायला मिळाली म्हणूनच हा प्रश्न तरी पडतो. माळ्यावरच्या बोचक्यातल्या वस्तूला कोण प्रश्न विचारणार?

चर्चच्या कायद्यात या विषयाची एक तरतूदच आहे. १९८३ सालच्या त्यांच्या धर्मसंहितेत १२२२ वं कलम आहे. एखादं चर्च पूजेसाठी वापरता येत नसेल आणि दुरुस्तही करता येत नसेल, तर बिशप ते लौकिक वापरासाठी देऊ शकतो. अट एवढीच की तो वापर हिणकस नसावा. मला हे शब्द फार आवडले. लौकिक चालेल, हिणकस नको. किती व्यवहारी आणि तरी किती मर्यादशील! दक्षिण फ्रान्समध्ये व्हालोरिस गावातलं जुनं चॅपेल एके काळी तेलाचा घाणा झालं होतं. पुढे पिकासोने त्याच्यासाठी युद्ध आणि शांती या विषयावर चित्रं रंगवली, १९५२ साली. आज ते राष्ट्रीय संग्रहालय आहे. घाण्यापेक्षा शांतीचं चित्र बरं, हे सांगायला शास्त्री लागत नाही.

आता चित्रकाराविषयी. अण्णांना वाटतं, चित्रकार म्हणजे नास्तिक, झब्बेवाला, रात्री जागणारा. त्यांना मी अँजेलो द फोन्सेका यांची गोष्ट ऐकवली. गोव्यातल्या सांतु इस्तेव्हचे, जन्म १९०२. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले, मग बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्याकडे. गोव्यात परत येऊन त्यांनी मेरी रंगवली ती साडी नेसलेली, सावळी, आपल्या घरातली वाटणारी. गोव्यातल्या कर्मठ ख्रिस्ती लोकांना ते रुचलं नाही. शेवटी ते पुण्याला आले. शिवाजीनगरला ख्रिस्त प्रेम सेवा संघाचा आश्रम आहे, तिथे त्यांना आसरा मिळाला. आश्रम अँग्लिकन पंथाचा, फोन्सेका कॅथलिक. पंथ वेगळा असूनही त्या घराने त्यांना वर्षानुवर्षं ठेवून घेतलं. आश्रमाच्या आसऱ्याने त्यांनी शेकडो चित्रं काढली आणि १९६७ साली पुण्यातच ते वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आता पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहे. ज्या गोव्याला ती चित्रं सोसली नव्हती, तोच गोवा आज ती जपून ठेवतो. धर्माच्या एका घराने दार उघडलं नसतं, तर जपायला काही उरलंच नसतं.

आणि कला अन् पूजा एका जागी नांदत नाहीत असं कोण म्हणतं? आमच्या अंबरनाथचं शिवमंदिर बघा. शिलाहारांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं. गाभारा जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. महाशिवरात्रीला रांग गावभर जाते. त्याच मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर शिल्पं बघायला कलेचे विद्यार्थी वह्या घेऊन बसतात. गेली काही वर्षं तिथे शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हलही भरतो. खाली बेल वाहिला जातो, वर कुणी पेन्सिलने नक्षी उतरवतं. कुणाचा कुणाला त्रास नाही. आपल्या वेरूळच्या इंद्रसभेत तरी काय आहे? ३० ते ३४ क्रमांकाची जैन लेणी कोरणारे हात कलावंतांचेच होते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बाहुबलींची एक छोटी कांस्यमूर्ती आहे. अंगावर वेली चढलेल्या, चेहऱ्यावर कमालीची शांतता. तिथे अभिषेक होत नाही, पण तिच्यासमोर उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो. हात जोडायला कुणी बंदीही केलेली नाही.

आता माझ्या आवडीचा भाग, हिशेब. मी बी.कॉम. आहे आणि घरखर्चाची वही चाळीस वर्षं लिहितेय, म्हणून हा अधिकार घेते. कॉमर्सच्या पहिल्याच वर्षात भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतला फरक शिकवतात. इमारत बांधणं हा भांडवली खर्च, ती झाडणं, रंगवणं, गळती थांबवणं हा महसुली. आपला समाज भांडवली खर्चाला हात सैल सोडतो, कारण त्यावर नावाची पाटी लागते. शिखराला देणगी, मानस्तंभाला देणगी, पायरीलासुद्धा देणगी. पण "श्रीमती अमुक यांच्या स्मरणार्थ पन्हळ साफ केली" अशी पाटी कुणी बघितली आहे का? म्हणून नवी मंदिरं उठतात आणि जुनी बसतात. पुण्य दोन्हींत असेल, पण फोटो एकातच निघतो.

समजा, जुन्या बस्तीसाठी दहा लाखांचा ध्रुवफंड केला आणि ठेवीवर सात टक्के मिळाले. वर्षाला सत्तर हजार, महिन्याला साधारण पाच हजार आठशे. त्यात झाडलोट, वीजबिल आणि पावसाळ्याआधीची कौलं शेकारणं एवढं निघतं. फुगलेल्या भिंतीची दुरुस्ती हा वेगळा, एकदाचा खर्च. तो जुन्या चुन्याच्या कामाचा गवंडी आणून करायचा. सिमेंट थापलं की दगडातली ओल आतच कोंडते आणि भिंत आणखी बिघडते. गाळे काढले तर भाडं जास्त येईल, हे मला कळतं. पण पाडलेली बस्ती पुन्हा विकत मिळत नाही. ताळेबंदात तिची किंमत शून्य दाखवलेली असेल, कारण घसारा कधीच संपला. म्हणून ती फुकट आहे असं समजायचं नसतं. आईच्या लोखंडी कढईचीही बाजारात किंमत शून्यच असते.

कायद्याचीही बाजू आहे. ट्रस्टची वास्तू म्हणजे ट्रस्टींची खासगी मालमत्ता नव्हे. महाराष्ट्रातल्या १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या ३६ व्या कलमानुसार ती विकायची असेल किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. म्हणून माझी सूचना अशी, की मास्तरांना आधी तीनच वर्षांसाठी द्या, वकिलाकडून कागद करून. तीन वर्षं ही चांगली मुदत आहे. सून कशी आहे हेसुद्धा तेवढ्यात कळतं.

आता अटी. मी त्या एका कागदावर लिहून वहिनींना पाठवल्या आहेत. पहिली, आधी महाराजांना विचारायचं आणि ते सांगतील तो विधी करायचा. मी शास्त्राची जाणकार नाही, आणि ट्रस्टीही नाहीत. दुसरी, गाभारा रिकामाच ठेवायचा. तिथे चित्र नाही, टेबल नाही, खुर्ची नाही. उंबऱ्याबाहेर एक दिवा असावा. तिसरी, चपला बाहेर. आवारात मांस, मद्य, तंबाखू नाही. चौथी, रंगकामाची साधनं अहिंसक हवीत. पुष्कळांना माहीत नसतं, पण भारी ब्रश खारीच्या किंवा डुकराच्या केसांचे असतात, काही सरस जनावरांच्या कातड्याहाडांपासून करतात, एका काळ्या रंगात जळक्या हाडांची पूड असते. आता सिंथेटिक ब्रश आणि वनस्पतीचा डिंक सहज मिळतो. मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, मी तर शाळेत कायम नायलॉनचेच वापरले, परवडायचे तेच." प्रश्न मिटला. पाचवी, जुन्या वस्तूंची यादी फोटोसह रजिस्टरमध्ये लिहायची. पंचकल्याणकातला लाकडी पाळणा, पितळी घंटा, रथाचे कोरीव खांब, कपाटातल्या हस्तलिखित पोथ्या. यादी नसलेली वस्तू हळूहळू कुणाच्या तरी दिवाणखान्यात जाते.

एक अट मात्र मी मुद्दाम घातलेली नाही, आणि तिच्यावरूनच सगळ्यांत जास्त वाद होणार आहे. मास्तरांनी काय रंगवायचं ते आपण सांगायचं नाही. वास्तूत कसं वागायचं हे ठरवायचा आपल्याला हक्क आहे. कागदावर काय उमटावं हे ठरवायला गेलो, तर आपल्याला चित्रकार नको आहे, फलक रंगवणारा हवा आहे. मास्तर शेतकऱ्यांची, पुराची चित्रं काढतात. कृष्णेच्या पुरात छपरावर बसलेल्या म्हशीचं त्यांचं एक चित्र मी पाहिलंय. त्यात तीर्थंकर नाहीत, पण त्या जिवाची तगमग आहे. जीवदया शिकवायला याहून वेगळं काय लागतं?

अण्णांचा शेवटचा मुद्दा उरतो. "आज चित्रं, उद्या चहाचं हॉटेल." भीती खरी आहे. म्हणूनच कागद हवा, मुदत हवी, अटी हव्यात, दरवर्षी सभेपुढे अहवाल हवा. पण हीच भीती कुलपाबद्दल का वाटत नाही? कुलूपबंद बस्तीत आजच वटवाघळं आहेत, मागच्या पडवीत पत्त्यांचे डाव पडतात. हे "आहे तसं राहू द्या" वाल्यांना दिसत नाही, कारण ते तिथे जातच नाहीत.

अपरिग्रह म्हणजे टाकून देणं, असा सोपा अर्थ आपण लावतो. मला तो अपुरा वाटतो. "ही वास्तू माझीच, म्हणून मी वापरणार नाही आणि कुणाला वापरूही देणार नाही," हा परिग्रहच. मालकीचा हट्ट सैल करून ती योग्य हातात देणं आणि वर तिची काळजी घेत राहणं अपरिग्रहाच्या जास्त जवळचं आहे.

तुमच्यापैकी कित्येकींची माहेरं सांगली, कोल्हापूर, बेळगावकडची आहेत. घरं शहराकडे सरकली आणि गावात पूजेला माणूस उरला नाही, अशा बस्त्या तुम्हालाही माहीत असतील. या दिवाळीत भाऊबीजेला जाल तेव्हा एवढं करा. जुन्या बस्तीची किल्ली कुणाकडे आहे ते विचारा, कुलूप उघडून घ्या, आतले फोटो काढा आणि वस्तूंची साधी यादी करा. पाडायचं की राखायचं हे पुरुषमंडळी सभेत बोलतीलच, पण हातात यादी असलेल्या बाईला सभेत डावलणं अवघड जातं. आणि भावाने ओवाळणीत काय हवं असं विचारलं, तर या वर्षी साडी नको म्हणा. ध्रुवफंडाची पावती मागा.

जय जिनेंद्र.